उजेडाची सावकारी

दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतातील कोमाटी येथील औष्णिक वीजकेंद्राचा शेवटचा संच ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी थंड करण्यात आला. १९६१ साली सुरू झालेले हे केंद्र मधली काही वर्षे सोडल्यास साठ वर्षे कोळसा जाळीत होते. ते बंद झाले म्हणून खंत करण्याचे कारण नाही. म्हातारी यंत्रे केव्हातरी थांबावयाचीच असतात. परंतु हे केंद्र बंद होताना जगाला असे सांगण्यात आले होते की, कोळशाकडून सूर्याकडे न्यायाने कसे जावे याचा वस्तुपाठ येथे गिरविला जाईल. जागतिक बँकेने त्यासाठी ४९ कोटी ७० लाख डॉलरचे साह्य मंजूर केले. जुन्या केंद्राच्या जागी सौर पट्ट्या, पवनचक्क्या आणि विजेचा साठा करणारी बॅटरी उभी राहील, कामगारांना नवे शिक्षण मिळेल, गाव पुन्हा गजबजेल, असा तो संकल्प होता. प्रत्यक्षात केंद्र आधी बंद झाले आणि गजबज मागाहून यावयाची राहिली. वीजमंडळाच्या कायम नोकरांची दुसऱ्या केंद्रांत सोय लागली. कंत्राटी मजूर, खाणावळवाले, भाड्याच्या खोल्यांचे मालक यांची सोय कोणी लावावयाची, हे कागदावर स्पष्ट नव्हते. तयारी अपुरी होती हे त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या हवामान आयोगानेच २०२३ मध्ये नमूद केले.

कोमाटीचे नाव आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ऐकलेही नसेल. तथापि गरीब देशांनी धुराविना श्रीमंत कसे व्हावे आणि श्रीमंत देशांनी त्यांना त्यात कोणता हात द्यावा, या प्रश्नाचे जितके उत्तर या एका गावात सापडते तितके मोठमोठ्या परिषदांच्या ठरावांत सापडत नाही.

ग्लासगो येथील परिषदेत, नोव्हेंबर २०२१ मध्ये, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी दक्षिण आफ्रिकेला साडेआठ अब्ज डॉलर देण्याचे घोषित केले. या योजनेला 'न्याय्य ऊर्जा-संक्रमण भागीदारी' असे भारदस्त नाव देण्यात आले. पुढे इंडोनेशियाला वीस अब्ज, व्हिएतनामला साडेपंधरा अब्ज अशा त्याच नमुन्याच्या घोषणा झाल्या. वर्तमानपत्रांतून आकडे झळकले. एका वर्षानंतर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने आपली गुंतवणूक-योजना प्रसिद्ध केली, तेव्हा या साडेआठ अब्जांच्या पोटात काय आहे ते उघड झाले. निव्वळ अनुदान होते सुमारे तेहतीस कोटी डॉलर, म्हणजे शेकडा चारसुद्धा नाही! उरलेली रक्कम म्हणजे सवलतीची कर्जे, बाजारभावाची कर्जे आणि हमी. या चार टक्क्यांतही तज्ज्ञांचे सल्ले व अहवाल यांचा वाटा मोठा होता. शंभर रुपयांची मदत जाहीर करावयाची, चार रुपये हातावर ठेवावयाचे आणि शहाण्णवांची चिठ्ठी लिहून घ्यावयाची, याला कागदावर भागीदारी म्हणतात. आमच्या खेड्यापाड्यांत याला दुसरा शब्द आहे. तो आम्ही शीर्षकात वापरला आहे.

कर्ज घेणे हे पाप नव्हे, हे आम्ही जाणतो. वीजकेंद्रे जगभर कर्जावरच उभी राहतात. परंतु कोळशाच्या केंद्राचे कर्ज आणि सूर्याच्या केंद्राचे कर्ज यांत एक मूलभूत फरक आहे आणि सारा प्रश्न त्या फरकात आहे. कोळशाच्या केंद्राला खर्च रोजचा असतो. इंधन विकत घ्यावे लागते, आणि विजेच्या विक्रीतून ते भागते. सूर्याला किंवा वाऱ्याला बिल येत नाही. तेथे जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी, म्हणजे भांडवलाच्या रूपाने, करावा लागतो. म्हणून स्वच्छ विजेची किंमत सूर्य किती तळपतो यावर जितकी अवलंबून नसते तितकी व्याजाचा दर किती यावर असते. विकसनशील देशांत सौर प्रकल्पाच्या भांडवलाला श्रीमंत देशांच्या दुप्पट ते तिप्पट किंमत मोजावी लागते, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचे म्हणणे आहे. जगातील उत्तम सौरप्रदेशांपैकी साठ टक्के आफ्रिका खंडात आहेत आणि जगातील सौर पट्ट्यांपैकी जेमतेम एक टक्का तेथे बसल्या आहेत, या विपरीताचे मोठे कारण या व्याजात आहे. ऊन फुकट मिळते, उसनवारी महाग पडते!

त्यात चलनाची मेख आहे. फ्रान्स व जर्मनी यांच्या बँकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रत्येकी तीस कोटी युरोचे कर्ज दिले. दर सवलतीचा होता, हे मान्य केले पाहिजे. पण वीज विकली जाते रँडमध्ये आणि हप्ता फेडावयाचा युरोत. रँड घसरला की सवलत त्या घसरगुंडीत वाहून जाते. हे जोखमीचे ओझे ज्याला पेलवते त्याने, म्हणजे सावकाराने, उचलावयास हवे. तो ते ऋणकोच्या पाठीवर ठेवतो आणि वर पाठ ताठ ठेवण्याचा उपदेश करतो.

आणि हा उपदेश करणारे कोण? एप्रिल २०१० मध्ये याच जागतिक बँकेने दक्षिण आफ्रिकेच्या वीजमंडळाला पावणेचार अब्ज डॉलरचे कर्ज दिले. त्याचा फार मोठा हिस्सा मेदुपी नावाच्या एका प्रचंड केंद्रासाठी होता, आणि ते केंद्र कोळशावर चालणारे होते! बारा वर्षांनी त्याच बँकेने कोमाटी बंद करण्यास कर्ज दिले. धूर काढण्यास कर्ज, धूर विझविण्यास कर्ज. ऋणकोच्या खात्यावर मात्र दोन्ही नोंदी कायम. युरोपची गोष्ट याहून रंजक आहे. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि रशियाचा कोळसा नकोसा झाला, तेव्हा रिचर्ड्स बे बंदरातून युरोपकडे निघालेल्या कोळशाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. आफ्रिकेने आपला कोळसा आपल्या भट्टीत जाळू नये, तो आमच्या भट्टीत यावा, एवढाच त्या वर्षीच्या नीतिपाठाचा अर्थ झाला. हिवाळ्याची थंडी खरी होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण ती थंडी केवळ उत्तर गोलार्धातच पडते असे थोडेच आहे? त्यातच १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाचा सीमेवरील कार्बन-कर पूर्णपणे लागू झाला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या पोलादावर आणि ॲल्युमिनियमवर तो कर बसणार. आवळा देऊन कोहळा काढण्याची कला आमच्या मुत्सद्द्यांना ठाऊक होती. आवळाही उसना द्यावा ही नवी सुधारणा आहे.

अमेरिकेने तर हा उसना आवळाही परत घेतला. मार्च २०२५ मध्ये तिने या भागीदारीतून अंग काढून घेतले आणि एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे आश्वासन एका पत्राने रद्द झाले. उरलेली राष्ट्रे आपल्या शब्दावर उभी आहेत, ही जमेची बाजू आहे. पण ज्याच्या आश्वासनावर एखादे राष्ट्र आपली केंद्रे बंद करण्याचे वेळापत्रक आखते, त्याचे आश्वासन दर निवडणुकीला बदलणार असेल तर ते वेळापत्रक आखणाऱ्याने कशाच्या भरवशावर आखावे?

येथे दक्षिण आफ्रिकेची वकिली करणे हा आमचा हेतू नाही. त्या देशाचे दोषही थोडे नाहीत. दरडोई कार्बन उत्सर्जनात तो भारताच्या सुमारे तिप्पट आहे. त्याच्या वीजमंडळातील लुटीच्या कहाण्या न्यायमूर्ती झोंडो यांच्या चौकशी आयोगाने जगापुढे मांडल्या. २०२३ हे तर तेथील वीजकपातीचे सर्वांत वाईट वर्ष ठरले. २०११ पासून सौर व पवन विजेसाठी खुल्या निविदा काढण्याची एक उत्तम पद्धत त्या देशाने स्वतःच्या बुद्धीने उभी केली होती. प्रत्येक फेरीत दर उतरत होते, खासगी भांडवल येत होते. मग त्याच वीजमंडळाने करारांवर सही करण्याचेच नाकारले आणि २०१८ पर्यंत गाडे अडकून राहिले. ही कोणा परकीयाची करणी नव्हती. पण वर्णद्वेषी राजवटीने हा कोळशाचा डोलारा कोणासाठी उभा केला होता, हेही विसरता येत नाही. स्वस्त वीज खाणींना व कारखान्यांना होती. १९९० च्या सुमारास त्या देशातील जेमतेम एकतृतीयांश घरांत दिवे लागत होते. आज ते प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. काळ्या माणसाच्या घरात दिवा लागला आणि त्याच सुमारास जगाला धूर दिसू लागला, हा योगायोग त्या माणसाला खटकत असेल तर त्याला दोष कोण देईल?

मग खरी मदत कोणती? आमच्या मते ती फार साधी आहे. दक्षिण आफ्रिकेचा कोळसा ईशान्येला, म्पुमलांगात आहे. सूर्य वायव्येला, नॉर्दर्न केपच्या माळांवर आहे आणि वारा दक्षिण किनाऱ्यावर. सर्व तारा मात्र कोळशापासून निघतात. त्यामुळे केपमध्ये नवी सौरकेंद्रे उभारण्यास तयार असलेल्यांना वीज वाहून नेण्यास जागाच नाही. त्या देशाला दहा वर्षांत सुमारे चौदा हजार किलोमीटर नव्या वाहिन्या टाकाव्या लागतील, असा त्याच्या वीजमंडळाचा हिशेब आहे. या वाहिन्या कोणा एका कंपनीला नफा देत नाहीत, म्हणून खासगी सावकार तिकडे फिरकत नाही. दुसरे काम माणसांचे. खाणकामगाराला नवा धंदा शिकविणे, बंद पडणाऱ्या गावाची पाणीपट्टी कोण भरणार हे ठरविणे, यातून परतावा कधीच मिळत नाही. ही दोन कामे अनुदानाची आहेत. सौर पट्ट्यांना अनुदानाची तितकी गरज नाही; त्या आपल्या पायांवर उभ्या राहू शकतात, आणि वीजकपातीला कंटाळलेल्या जोहान्सबर्गच्या मध्यमवर्गाने कोणत्याही परिषदेची वाट न पाहता आपल्या छपरांवर त्या बसविल्याही. श्रीमंत राष्ट्रांनी नेमके उलटे केले: जेथे नफा आहे तेथे कर्ज देऊ केले आणि जेथे फक्त खर्च आहे तेथे व्याख्याने दिली. पुढे कॅमडेन, हेंड्रिना व ग्रूटव्लेई ही केंद्रे बंद करण्याचे दक्षिण आफ्रिकेने लांबणीवर टाकले, त्यात कोमाटीच्या अनुभवाचा वाटा नव्हता असे म्हणणे धाडसाचे होईल.

भारताला २०२२ मध्ये याच धर्तीच्या भागीदारीत ओढण्याचा सात श्रीमंत राष्ट्रांच्या गटाचा विचार होता. भारताने ते निमंत्रण स्वीकारले नाही, आणि आज मागे वळून पाहता तो निर्णय योग्य होता असे आमचे स्पष्ट मत आहे. भारताने बहुतांशी स्वतःच्या निविदांवर व स्वतःच्या बाजारावर २०२५ च्या जानेवारीत एक लाख मेगावॅट सौर क्षमता ओलांडली. त्याच वर्षी बिगर-जीवाश्म स्रोतांचा स्थापित क्षमतेतील वाटा पन्नास टक्क्यांवर गेला. ते उद्दिष्ट २०३० चे होते. प्रत्यक्ष विजेतील मोठा हिस्सा अजून कोळशाचाच आहे, हे सांगितल्याशिवाय मात्र या आकड्यांचा अभिमान मिरवू नये. आणि बाकू येथे २०२४ मध्ये श्रीमंत राष्ट्रांनी २०३५ पर्यंत वर्षाला तीनशे अब्ज डॉलर उभारण्याचे कबूल केले, तेव्हा मागणी तेरा शतअब्जांची असताना ही रक्कम अपुरी आहे असे भारताच्या प्रतिनिधींनी भर सभेत सांगितले, तेही उचितच झाले.

पण परक्यांना जाब विचारणाऱ्याने आपल्या अंगणातही पाहावे. कोयनेच्या पाण्यावर १९६२ पासून वीज निर्माण होत आहे. मुंबईचे कारखाने आणि महाराष्ट्राची शहरे त्या विजेवर वाढली. ती स्वच्छ वीज होती, धुराचा लवलेश तीत नव्हता. तरी ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांच्या वारसांचे पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनंतरही पुरते सुटलेले नाहीत. तेव्हा ऊर्जा स्वच्छ असली म्हणजे ती आपोआप न्याय्य होते, असे मानण्याचा अधिकार निदान आम्हां महाराष्ट्रीयांना उरलेला नाही. आज वर्धा खोऱ्याच्या कोळशावर चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे केंद्र चालते. त्या केंद्राचे दोन जुने संच यापूर्वीच कायमचे थांबले आहेत. उरलेल्यांचीही पाळी केव्हातरी येणार. ती केव्हा येईल हे दिल्लीत, मुंबईत किंवा बाजारात ठरेल. पण त्या संचांवर आणि त्यांना कोळसा पुरविणाऱ्या खाणींवर कंत्राटदारांच्या हजेरीपटावर किती माणसे आहेत, त्यांचे वय काय, त्यांना दुसरे कोणते काम येते, त्यांच्यावर किती दुकाने आणि किती घरे जगतात, याची यादी आजच करता येते. तिच्यासाठी डॉलर लागत नाहीत आणि युरोही लागत नाहीत. महाराष्ट्र शासनाने ती यादी तयार करावी आणि येत्या अधिवेशनात विधिमंडळापुढे ठेवावी.