वेताळाला मोबाईलने मारले नाही

आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात वह्या-पुस्तकांच्या दुकानात जाऊन कॉमिक्स मागा, उत्तर ठरलेले आहे: “आता कोण घेतंय हो? पोरं मोबाईलवरच वाचतात सगळं.” हे वाक्य मी शिक्रापूरच्या चौकात ऐकले, शिरूरला ऐकले, आणि जिथून या सगळ्या दुकानांना माल येतो त्या पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातही ऐकले. इतक्या तोंडांतून आलेली गोष्ट खरीच असणार असे आपण धरून चालतो. मला ती मान्य नाही. ती चुकीची आहे, आणि तिच्या आडोशाला खरे कारण लपून राहते म्हणून ती खोडून काढणे मला गरजेचे वाटते.

आधी पूर्वपक्ष, आणि तो पुरा. २०१६ नंतर मोबाईलचा डेटा स्वस्त झाला आणि वाडी-वस्तीपर्यंत स्मार्टफोन पोहोचले. अमर चित्र कथेसारख्या जुन्या प्रकाशनाने स्वतःचे ॲप काढले. जपानसारख्या देशात, जिथे माणसे रेल्वेत उभ्याउभ्या मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचत, तिथे २०१९ साली मांगाच्या डिजिटल विक्रीने छापील पुस्तके आणि मासिके दोन्ही मिळून होणाऱ्या विक्रीला मागे टाकले. जपानमधल्या पुस्तकांच्या दुकानांची संख्याही वर्षानुवर्षे घटते आहे. मग तळेगावच्या दुकानदाराने वेगळे काय सांगितले? पुरावा कच्चा नाही, आणि जपानपुरता मी तो मान्यही करतो.

पण हा पुरावा आपल्या गावाला लावताना आधी तारखा पाहाव्यात.

‘इंद्रजाल कॉमिक्स’ मार्च १९६४ मध्ये सुरू झाले. टाइम्स ऑफ इंडियाने काढलेल्या पहिल्या अंकाची किंमत होती साठ पैसे. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन हे सारे मराठी पोरांच्या ओळखीचे झाले ते या मालिकेतून. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, तोही याच मालिकेत. आठशेवर अंक निघाले आणि १९९० मध्ये मालिका बंद पडली. भारतातला पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. वेताळ गेला तेव्हा मोबाईल या देशात आलाच नव्हता, मग त्याचा खून मोबाईलच्या नावावर कसा टाकता येईल? संशयच घ्यायचा तर टीव्हीचा घ्या. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले, त्याच्यामागून ‘महाभारत’ आले, आणि रविवारच्या सकाळी गल्लीत चिटपाखरू दिसेना. ज्या पोराचा रविवार कॉमिक्सचा होता, तो टीव्हीचा झाला. पण टीव्हीलाही सगळा दोष देऊन मी मोकळा होणार नाही. ते पुढे येतेच.

आमच्याकडे ‘कॉमिक्सचे दुकान’ असे वेगळे काही कधी नव्हते. मुंबई-पुण्यातही ते फार उशिरा आले. आमच्याकडे होती एसटीच्या थांब्याजवळची टपरी. दोन खिळ्यांमध्ये सुतळी ताणलेली, तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी अंक लटकवलेले. उन्हाने समोरच्या अंकाचा लाल रंग गुलाबी व्हायचा. विकत घेणारे थोडे, भाड्याने नेणारेच जास्त. चार आणे अनामत ठेवून अंक घरी न्यायचा, दुसऱ्या दिवशी परत करायचा. मधली पिन गंजून कागदावर तपकिरी डाग पडलेला असायचा आणि त्या पानावरचा वेताळ हमखास सुटून हातात यायचा. पुढे तो अंक रद्दीत जायचा, रद्दीतून बाजारातल्या दुसऱ्या पोत्यावर, तिथून विठ्ठलवाडी नाहीतर पाबळकडच्या एखाद्या घरात. एक अंक किती हातांतून फिरला याची नोंद कुणी ठेवली नाही, पण त्याच्या कोपऱ्यांवरून ते कळायचे.

ही टपरी बंद पडली कारण सुतळीवर लावायला नवा मराठी अंक येईना. मागणी आटण्याआधी माल आटला. आतबट्ट्याचा हिशेबही साधा आहे. कॉमिक्स पातळ, किंमत कमी, म्हणून एका प्रतीमागे दुकानदाराला सुटणारे पैसे थोडे. पुण्याहून दहा प्रतींचे पार्सल मागवायचे तर वाहतूक त्याच्या अंगावर. न खपलेला माल परत घेणारा घाऊक विक्रेता मिळाला तर नशीब. उलट जूनमध्ये वह्या, कंपास आणि गाईड हातोहात जातात. दुकानदाराने फळीवरची जागा कशाला द्यावी? त्याचा निर्णय त्याच्या पोटाचा आहे, त्याला मी नावे ठेवत नाही. फक्त कारण सांगताना त्याने मोबाईलकडे बोट दाखवू नये.

अमेरिकेतही हेच दिसले आहे. तिथे खरोखरीची कॉमिक्सची दुकाने आहेत, हजारोंनी. २०११ च्या सप्टेंबरमध्ये डीसी या प्रकाशनाने आपल्या बावन्न मालिका पहिल्या अंकापासून नव्याने सुरू केल्या आणि छापील अंकाच्या दिवशीच डिजिटल अंकही विकायला काढला. दुकानदार हादरले होते. प्रत्यक्षात त्या महिन्यांत दुकानातली छापील विक्री वाढली, कारण सांगण्यासारखे काहीतरी नवे आले होते आणि त्याचा गाजावाजा पडद्यावरून झाला होता. त्या दुकानांना खरा दणका बसला २०२० च्या मार्चमध्ये, जेव्हा जवळपास सगळा माल ज्या एका वितरकाकडून येई, त्या डायमंडने करोनामुळे नवे अंक पाठवणे थांबवले. दुकाने अडली ती मालावाचून.

आता मोबाईलच उघडून पाहू. माझा भाचा सहावीत आहे. मी त्याला म्हटले, मराठी कॉमिक्स शोधून दाखव. त्याने पाच मिनिटे शोधले. सापडले ते कुणीतरी प्रेमाने स्कॅन केलेले जुने अंक, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे. पान आखूड पडद्यावर मावेना. दोन बोटांनी त्याने चित्र मोठे केले की फुग्यातले अर्धे वाक्य पडद्याबाहेर जायचे, वाक्य आत आणले की वेताळाचे तोंड बाहेर. तिसऱ्या पानावर “मामा, हे नको” म्हणून तो क्रिकेटच्या रीलकडे वळला. मोबाईलवर पोरे ‘सगळे’ वाचतात म्हणे! मराठी कॉमिक्सपुरते बोलायचे तर त्यांना तिथे नवे काही वाचायलाच मिळत नाही. कोरियातल्या वेबटूनसारखी, अंगठ्याने वर सरकवत वाचायची, उभ्या पडद्यासाठीच रचलेली मराठी चित्रकथा त्याच्या हाती लागलीच नाही. जपानमध्ये डिजिटलने दुकानाचे गिऱ्हाईक नेले, कारण नेण्यासारखा ताजा माल तिथे होता. २०२० मध्ये तर छापील आणि डिजिटल मिळून जपानी मांगाची विक्री १९९५ च्या उच्चांकाच्याही पुढे गेली. तिथे दुकान रोडावले, पण कॉमिक्स वाढले. आपल्याकडे पडदाही रिकामा आणि फळीही रिकामी.

दुसरीकडे काही मंडळी उलट टोकाला गेलेली आहेत. त्यांचे म्हणणे, दुकान हवेच कशाला? सगळे ॲपवर टाका, गावोगाव पोहोचेल. यांनी एकदा आमच्याकडचा दिवस पाहावा. घरात फोन एक, तो वडिलांचा. वडील सणसवाडीला नाहीतर रांजणगावला कंपनीत पाळीवर. फोन सकाळी त्यांच्याबरोबर जातो आणि रात्री चार्जिंग संपून परत येतो. शाळा सुटल्यावरचे तीन तास, म्हणजे पोराच्या वाचनाची खरी वेळ, फोन घरात नसतो. पुस्तक असते. शिवाय ॲपवर विकत घेतलेले आपले असतेच असे नाही. कॉमिक्सॉलॉजी हे इंग्रजी कॉमिक्सचे सर्वांत मोठे ॲप ॲमेझॉनने २०१४ मध्ये घेतले, २०२२ मध्ये त्याची घडीच बदलली आणि २०२३ च्या अखेरीस ते ॲप बंद करून वाचकांना किंडलकडे पाठवले. वर्षानुवर्षे मांडलेले घर दुसऱ्याने एका रात्रीत हलवावे तसे झाले. रद्दीच्या पोत्यातला अंक असा कुणी हलवू शकत नाही.

तरी पडद्याला मी शत्रू मानत नाही. मराठी इंद्रजालचे जे अंक आज डोळ्यांनी पाहता येतात, ते बहुतेक त्या स्कॅन करणाऱ्या हौशी माणसांमुळे. टपरीने ते जपले नाहीत, रद्दीने तर नाहीच. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट खुले केले, आणि छापील ‘किशोर’ निघतच राहिले. फुकट पाहायला मिळाले म्हणून छापील मरते, हे ‘किशोर’च्या बाबतीत तरी घडलेले नाही. १९९१ मध्ये ‘सकाळ’मधून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू रोज घरात येऊ लागला, आणि रोज फुकटात वाचलेल्या त्याच चिंटूची पुस्तके लोकांनी पुन्हा पैसे देऊन घेतली. आधी रोजची ओळख झाली, मग पुस्तक घरात आले. आज ती रोजची ओळख मोबाईल करून देऊ शकतो.

मला सगळ्यात जास्त सलते ती गोष्ट निराळीच आहे. प्रताप मुळीक पुण्याचे. अमर चित्र कथेत त्यांचे हात आहेत, आणि दिल्लीच्या राज कॉमिक्समध्ये १९८६ साली अवतरलेला नागराजही सुरुवातीला त्यांनीच चितारला. म्हणजे चित्रकार आपला, पुणे आपले, आणि नायक मिळाला हिंदीला. उत्तरेतल्या पोरांनी त्या नागराजसाठी दुकानांपुढे गर्दी केली, आणि आज तेच वाचक मोठे होऊन त्याची पुनर्मुद्रणे ऑनलाइन मागवतात. मराठीत असा स्वतःचा, महिन्यामहिन्याला वाट पाहायला लावणारा नायक किती प्रकाशकांनी उभा केला? अनुवादाचा वेताळ आला आणि अनुवादाचा वेताळ गेला. त्याच्या जागी कुणी बसलाच नाही. टीव्हीलाही सगळा दोष देणार नाही असे मी वर म्हणालो, ते यासाठी.

म्हणून माझे मागणे दुकानदाराकडे नाही, आधी प्रकाशकाकडे आहे. नवी मराठी चित्रकथा काढा. तिची पहिली आठ-दहा पाने मोबाईलच्या पडद्याला मावतील अशी रचून फुकट फिरू द्या. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर ती आपोआप फिरतील. उरलेली गोष्ट छापा, आणि न खपलेली प्रत परत घेण्याची हमी देऊन गावातल्या दुकानापर्यंत पोहोचवा. दुसरे मागणे सार्वजनिक वाचनालयांकडे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने राज्यात अ, ब, क, ड वर्गांची हजारो अनुदानित वाचनालये उभी आहेत. त्यांच्या बालविभागात शंभर थोर पुरुषांची चरित्रे असतात, आणि ती असावीतच, पण त्यांच्याशेजारी दहा चित्रकथा ठेवायला कायदा आड येत नाही. भाड्याच्या टपरीचे काम आज तेच वाचनालय करू शकते, आणि तेही चार आणे न घेता.

गेल्या महिन्यात मी आमच्या ओळखीच्या दुकानदाराला गळ घातली. पुण्याहून मराठी अमर चित्र कथेच्या बारा प्रती स्वतः आणल्या आणि म्हटले, खपल्या तर पैसे द्या, नाहीतर मी घेऊन जातो. तो हसला, पण दारातच एक सुतळी ताणून दिली. बाजाराचा दिवस होता. संध्याकाळपर्यंत चार गेल्या. सहा वाजता एक मुलगी आली, पाठीला दप्तर, मागे आई भाजीच्या पिशव्या घेऊन घाई करत उभी. मुलीने चिमटा न काढताच, मान वाकडी करून, खालून पाने उलटत अर्धे पुस्तक वाचले. आई दोनदा ओरडली. मग तिने पान नीट सरळ केले आणि दुकानदाराला म्हणाली, “काका, हे कुणाला देऊ नका हां. पुढच्या बाजारी पैसे आणते.”

त्याने ते सुतळीवरून काढले आणि गल्ल्याच्या खणात ठेवले.