एक आकडा, अनेक चक्रे

एप्रिलमध्ये हवामान खात्याचा मोसमी पावसाचा अंदाज जाहीर होतो आणि त्या एका आकड्यावर वर्षाचे भवितव्य ठरल्यासारखी चर्चा सुरू होते. निसर्ग मात्र एका तालावर चालत नाही. प्रशांत महासागरातील ‘एल निनो’ २ ते ७ वर्षांनी परततो. हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम तापमानाचे पारडे काही महिन्यांत झुकते. विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणारी ‘मॅडन-ज्युलियन’ ही ढगांची लाट तर ३० ते ६० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करते. ही चक्रे कधी परस्परांना छेद देतात, तर कधी बळ. १९९७ साली एल निनो अतिप्रबळ होता. तरीही हिंदी महासागराच्या अनुकूलतेने तोल सावरला आणि सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. २००२ साली एल निनो मध्यमच, पण पाऊस अवघा ८१ टक्के!

२०२३ साली नागपूरने याचा कटू अनुभव घेतला. एल निनोच्या त्या वर्षी देशातील ऑगस्ट १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ठरला. आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळून अंबाझरी तलाव ओसंडला, वस्त्या जलमय झाल्या.

सरासरीने ना पीक वाचते, ना शहर. हवामान खाते दर आठवड्याला पुढील ४ आठवड्यांचा अंदाज देते. तो कापूस-सोयाबीनच्या बांधापर्यंत पोहोचला पाहिजे. अतिवृष्टी सामावून उघडीप निभावणारे पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव पूर्वजांनी बांधले. त्यांचा गाळ काढण्यासाठी कोणत्याही अंदाजाची वाट पाहण्याचे कारण नाही.