घरच्या कपाटाचे प्लायवूड : महाग कुठे घ्यावे, स्वस्त कुठे चालेल

पेण आणि रोहा तालुक्यांत घर बांधणाऱ्या कुटुंबांचा हिशेब बहुधा शेवटी, लाकूडकामापाशी येऊन बिघडतो. आखातात राबून जमवलेला पैसा भिंती, स्लॅब आणि लाद्यांत जातो व स्वयंपाकघराच्या कपाटांपर्यंत येता येता हात आखडतो. मग दोनांपैकी एक घडते. एक तर सुतार सांगेल ते सर्वांत महाग प्लायवूड व्याजाच्या हप्त्यावर घरात येते, नाही तर दुकानातील सर्वांत स्वस्त शीट उचलून सगळे घर त्यातच उरकले जाते. आमच्या मते हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत.

यातली दुसरी चूक आम्ही स्वतः केली आहे. रोह्याच्या घरी ओट्याखालची कपाटे आणि माडीवरचे कपड्यांचे कपाट आम्ही एकाच स्वस्त शीटमधून करून घेतले. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालच्या पल्ल्याची कड फुगली, थर सुटले आणि बिजागरीचे स्क्रू बोटांनी ओढले तरी बाहेर येऊ लागले. माडीवरचे कपाट मात्र आजही शाबूत आहे. माल एकच, कारागीर एकच; फरक होता तो जागेचा. तेव्हापासून आमचे मत असे झाले आहे की, प्लायवूड घराला म्हणून घ्यायचे नसते, घरातल्या त्या त्या जागेला म्हणून घ्यायचे असते.

असे का, हे समजायला प्लायवूड कसे बनते ते पाहावे. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक, रेषा आडव्या-उभ्या ठेवून, गोंद लावून गरम दाबाखाली चिकटवतात. पाण्यापुढे टिकणे हे बरेचसे या गोंदावर अवलंबून असते. भारतीय मानक ३०३ मध्ये दोन प्रकार आहेत. एमआर म्हणजे हवेतील दमटपणा सोसणारे. यात बहुधा युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याला काही तास दाद न देणारे. यात फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो आणि कापलेल्या कडेवर त्याच्या गडद तपकिरी रेषा दिसतात. तिसरे ते मानक ७१० चे, ज्याला बाजारात मरीन म्हणतात. त्याची कसोटी ७२ तास उकळण्याची आहे. एमआरला दुकानात ‘कमर्शियल’ म्हणतात आणि ते नाव ऐकून गिऱ्हाईक उगाच बिचकते. माडीवरचे कपाट, पुस्तकांची मांडणी, दिवाणाचा खोका यांना चांगले एमआर पुरेसे आहे. ओट्याखाली आणि ओल येणाऱ्या भिंतीलगत बीडब्ल्यूआर हवे. मरीन फार तर सिंकखाली आणि न्हाणीघराच्या दाराजवळ. सगळे घर मरीनमध्ये करा असा सल्ला देणाऱ्याला त्याचे कारण विचारावे.

पैशाचा फरक किती पडतो? आठ बाय चारची शीट ३२ चौरस फुटांची. दोन प्रतींत फुटामागे ४० रुपयांचा फरक धरला तर शीटमागे १,२८० आणि सहा शीटमागे ७,६८० रुपये होतात. एवढी रक्कम माडीवरच्या कोरड्या खोलीत अडकवून ठेवण्यात काय हशील आहे?

त्याहून मोठी बचत आपल्या जुन्या पद्धतीत आहे. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या पट्ट्या आणि कडप्प्याचेच कप्पे घालण्याची चाल आपल्याकडे होती. नव्या ‘मॉड्युलर’च्या नादात ती मागे पडते आहे, हे खेदाने म्हणावे लागते. आठ फुटी ओट्याखाली चार खणांचे कपाट पूर्ण प्लायवूडचे केले, तर पाच उभे भाग, तळ, मधला कप्पा आणि पल्ले मिळून १८ मिलिमीटरच्या तीन शीट लागतात, पाठ वेगळीच. तेच खण कडप्प्याचे केले तर पल्ल्यांसाठी एक शीट पुरते, शिवाय वीस इंच रुंदीची आठ फुटी पट्टी वरच्या फळ्यांसाठी उरते. कडप्प्याला पैसे पडतात हे खरे, पण तो फुगत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. अंबा नदीच्या १९८९ च्या पुराची आठवण ज्यांना आहे, त्या नागोठण्याच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

आता दुकानात काय पाहावे. शीटवर आयएसआय चिन्ह, वर मानकाचा क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. प्लायवूडला हे चिन्ह फेब्रुवारी २०२५ पासून बंधनकारक झाले. परवान्याचा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर पडताळता येतो. दुकानात उभे राहूनच पडताळावा, दुकानदार रागावणार नाही आणि रागावलाच तर दुसरे दुकान आहे. मग जाडी मोजावी, तीही चारही बाजूंना. १८ मिलिमीटरच्या नावाखाली साडेसोळाची शीट मिळाली तर माल आठ टक्क्यांनी कमी आला, असे समजावे. कडेवरून नजर फिरवली की आतल्या थरांतील फटी दिसतात. जिथे फट, तिथे स्क्रू धरणार नाही. १८ मिलिमीटरची पूर्ण शीट साधारण तीस ते चाळीस किलोच्या घरात भरते, त्याहून फारच हलकी लागली तर शंका घ्यावी.

वरच्या पापुद्र्याच्या तांबड्या रंगावर मात्र भुलू नये. ‘बर्मा गर्जन’ म्हणून जो माल सांगितला जातो, त्या बर्माने, म्हणजे म्यानमारने, ओंडक्यांची निर्यात २०१४ मध्ये बंद केली. आणि तांबडा रंग नुसता लावताही येतो. आपल्या देशातली गोष्टही बदलली आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने ईशान्येकडील लाकडाच्या वाहतुकीला चाप लावला आणि तिथल्या गिरण्या बंद पडल्या. त्यानंतर हा धंदा हरियाणातील यमुनानगर आणि केरळातील पेरुंबावूर अशा ठिकाणी, शेतात लावलेल्या झाडांवर वाढला. उत्तरेत पॉप्लर व निलगिरी, केरळात रबर. पॉप्लर हलके, निलगिरी जड; रबराच्या लाकडाला औषधप्रक्रिया नीट झाली नसेल तर भुंगा लवकर लागतो. सबब कुठल्या लाकडाची शीट आहे, हे विचारणे गिऱ्हाइकाचे काम आहे.

चार फुटांहून उंच पल्ला असेल तर प्लायवूडऐवजी ब्लॉकबोर्ड घ्यावा, तो कमी वाकतो. सनमायका बाहेरून लावला तर आतूनही काहीतरी लावावे, एका अंगाने ताण आला की पल्ला पिळतो. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नयेत. पाणी तिथूनच शिरते. या तीन गोष्टींकडे दुर्लक्ष झाले तर मरीनही वाचवत नाही.

सुतारांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. काही दुकानांतून सुताराला मालावर कमिशन मिळते, हे उघड गुपित आहे, आणि त्यामुळे महाग माल सुचवला जातो. पण त्याला दोष देण्याआधी आपण आपल्याकडे पाहावे. मजुरीत शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस आपणच करतो. ती तूट तो मालातून भरून काढतो. मजुरी पुरती ठरवावी आणि माल स्वतः निवडून आणावा. ज्यांना स्वतःच कपाट जोडायचे आहे त्यांनी मापांचा कागद करून मोठ्या करवतीच्या यंत्रावर शीट कापून घ्यावी. करवतीच्या पात्याची जाडी हिशेबात धरावी, कारण चार फुटांतून दोन फुटांच्या दोन पट्ट्या कधीच पूर्ण निघत नाहीत. खणाची खोली बावीस इंच ठेवली की अडचण येत नाही. नवशिक्याने पल्ल्यांपासून नव्हे, फळ्यांपासून सुरुवात करावी.

आणि पक्के बिल घ्यावे. बिल नको म्हटले तर अठरा टक्के वाचतील, असे पेणपासून पनवेलपर्यंत कुठेही ऐकू येते. पण सहा महिन्यांनी थर सुटले तर त्या कच्च्या चिठ्ठीवर कोणी शीट बदलून देत नाही. आमच्याकडेही चिठ्ठीच होती.

माल एप्रिल-मेपर्यंत घरात यावा. जूनमध्ये उघड्या टेम्पोतून आलेली शीट भिंतीला तिरकी टेकून ठेवली की वाकते. ती दोन-तीन ठोकळ्यांवर आडवी, जमिनीपासून वर ठेवावी.