शिवीचें इंग्रजी आणि जाबाचें इंग्रजी

आमच्या शाळेंतून सातवी होऊन गेलेला एका सुताराचा मुलगा पुढें बारावी शिकला आणि पनवेल-उरण बाजूच्या एका मालगोदामांत कारकुनीस लागला. गेल्या पावसाळ्यांत एके सकाळीं तेथें पेट्यांच्या मोजणींत चूक निघाली. गोदामाच्या साहेबानें कांहीं एक चौकशी न करतां, हमालांपासून ड्रायव्हरांपर्यंत सर्वांच्या देखत, या मुलास "यू फूल! गेट आऊट!" असें म्हटलें. मुलाचें डोकें फिरलें व त्यानेंही इंग्रजींतच उत्तर दिलें. तें उत्तर म्हणजे मोबाइलवरच्या इंग्रजी चित्रपटांत जी शिवी उठतांबसतां कानीं पडते ती. दुसऱ्या दिवशीं त्यास फाटकावरच अडविलें. हातीं जें पत्र पडलें त्यांत त्याची शिवी तेवढी नमूद होती. साहेबाचें "फूल" त्यांत कोठेंच नव्हतें. 18 दिवसांचा पगारही अडकला.

संध्याकाळीं बापलेक आमच्या ओट्यावर येऊन बसले. मुलगा म्हणाला, "गुरुजी, सुरुवात त्यांनीं केली आणि नोकरी माझी गेली." आम्ही विचारलें, "बाळ, तुला राग नेमका कशाचा आला?" तो म्हणाला, "मोजणी मी केलीच नव्हती. रात्रपाळीचा कागद बघितला असता तर कळलं असतं. आणि सगळ्यांसमोर मला मूर्ख म्हटलं." आम्ही त्यास तीं वाक्यें इंग्रजींत लिहून दाखविलीं: "आय डिड नॉट काउंट दॅट लोड. प्लीज चेक द नाइट शीट. यू इन्सल्टेड मी इन फ्रंट ऑफ एव्हरीबडी." मुलगा बघतच राहिला. यांतला एकही शब्द त्यास नवा नव्हता. इतका वेळ गप्प बसलेला त्याचा बाप तेव्हां म्हणाला, "गुरुजी, इतकं सोपं होतं, तर शाळेंत का नाय शिकवलंत?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आजचा हा लेख त्या प्रश्नापायींच लिहिला आहे.

आम्ही स्वतः पांचवींत ए बी सी डी शिकलों आणि मास्तरकीचें शिक्षण मराठींतून घेतलें. 2000 सालापासून आपल्या राज्यांत इंग्रजी पहिलीपासून आलें आणि आम्हीच तें शिकवूं लागलों. पण शिकविलें काय? रजेचा अर्ज! "आय बेग टु स्टेट", म्हणजे मी भीक मागून कळवितों. "काइंडली", म्हणजे कृपा करून. आणि शेवटीं "युवर ओबीडियंट स्टुडंट", म्हणजे आपला आज्ञाधारक विद्यार्थी. वाकण्याचें सारें इंग्रजी आम्ही मुलांकडून घोकून घेतलें. ताठ उभें राहून "हें बरोबर नाहीं" कसें म्हणावें, याचा धडा आम्ही दिला नाहीं. परंतु राग हा माणसास येणारच. जें शाळेनें शिकविलें नाहीं तें मोबाइलनें शिकविलें, आणि मोबाइलपाशीं फक्त शिवी होती. दोष त्या मुलाचा चार आणे असेल, तर आम्हां मास्तरांचा बारा आणे आहे.

आतां कोणी म्हणतील, साहेबानें शिवी दिली ती चालली आणि पोरानें दिली ती कां चालूं नये? न्यायानें पाहिलें तर दोघांचीही चालूं नये. पण शिवी हें मुळांत वरच्यानें खालच्यास हाणण्याचें हत्यार आहे. वरच्याच्या हातांत तें शोभून जातें, खालच्याच्या हातांत तें उलटून त्याचाच हात कापतें. साहेबाची शिवी वाऱ्यावर जाते, गड्याची शिवी कागदावर येते. सरकारी कचेरींत तर याहून वाईट. 1 जुलै 2024 पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यांत शांतताभंग व्हावा अशा हेतूनें अपमान करण्याबद्दल 352 वें कलम आहे व सरकारी नोकराच्या कामांत अडथळा आणण्याबद्दल 221 वें कलम आहे. सातबारा राहिला बाजूला आणि शेतकरी जामिनासाठीं धांवत सुटला, असें व्हावयास एक शब्द पुरतो. मात्र राग येणें हा कोणत्याही कलमाखालीं गुन्हा नाहीं, आणि जाब विचारणें हा तर हक्क आहे.

इंग्रजींत राग कसा मांडतात याचे दोन-चार ठोकताळे सांगतों. आपण मराठींत रागावलों म्हणजे 'अहो'चें 'अरे' होतें आणि 'अरे'चें 'ए' होतें. गरिबाच्या बाबतींत तर रागाचीही गरज नसते. पायांत रबरी चपला दिसल्या कीं कचेरींतला माणूस वयाकडे न पाहतां 'ए, इकडे ये' म्हणतो. इंग्रजींतही एके काळीं हलक्या माणसास व जवळच्या माणसास 'दाऊ' म्हणत आणि मोठ्यास 'यू' म्हणत. पुढें चालू बोलण्यांतून 'दाऊ' गेला व सर्वांस एकच 'यू' उरला. म्हणजे ज्या इंग्रजीला आपण भितों, त्या भाषेंत साहेबही 'यू' आणि गाडीवानही 'यू'! तेथें अरे-तुरे करण्याची सोयच नाहीं. म्हणून इंग्रजींत रागाचा जोर सर्वनामांत येत नाहीं. तो वाक्याच्या आखूडपणांत आणि आवाजाच्या थंडपणांत येतो. जातिवंत इंग्रजी बोलणारा "आय अॅम नॉट हॅपी विथ धिस" असें सावकाश म्हणाला, तर तो नुसता नाखूष नसून चांगलाच संतापलेला असूं शकतो.

रागाला पायऱ्याही आहेत. मन दुखावलें तर 'अपसेट', राग आला तर 'अँग्री', संताप झाला तर 'फ्यूरियस'. माणसावर रागावलों तर 'अँग्री विथ' आणि गोष्टीवर रागावलों तर 'अँग्री अबाउट'. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. होतां होईल तों 'अबाउट' वापरावें. "आय अॅम व्हेरी अँग्री अबाउट धिस बिल" म्हटलें कीं भांडण बिलाशीं राहतें आणि समोरच्या माणसास माघार घेण्यास वाट मिळते. मराठीचें शब्दशः इंग्रजी मात्र करूं नये. माझें डोकें फिरलें याचें इंग्रजी कोणी "माय हेड इज टर्निंग" असें केलें, तर ऐकणारा त्यास चक्कर आली समजून पाणी आणून देईल. 'मॅड' म्हणजे अमेरिकेंत रागावलेला, आणि इंग्लंडांत बहुधा वेडा. तळपायाची आग मस्तकास गेली हें मराठींतच म्हणावें. इंग्रजींत आग न सांगतां आगीचें कारण सांगावें.

हें आम्ही पदरचें सांगत नाहीं. आपल्या थोरांनीं हेंच केलें आहे. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत इंग्रजी शिकले. 1873 सालीं त्यांनीं 'गुलामगिरी' मराठींत लिहिली; पण तिची एक प्रस्तावना त्यांनीं इंग्रजींत घातली, आणि गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील लोकांस तें पुस्तक अर्पण केलें तेंही इंग्रजींतून. 1882 सालीं सरकारनें हंटरसाहेबांचें शिक्षण कमिशन नेमलें तेव्हां जोतीरावांनीं त्यापुढें इंग्रजींत निवेदन केलें. त्यांत राग आहे कीं नाहीं? धगधगीत आहे! सरकारच्या तिजोरींत पैसा येतो रयतेच्या घामांतून आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गांसाठीं, असें त्यांनीं सरकारच्या तोंडावर सांगितलें. पण त्या निवेदनांत शिवी नाहीं. पैसा कोणाचा, शाळा कोणाच्या, मास्तर कोणत्या लोकांतले, असा हिशेब आहे. आणि शेवटीं मागणी आहे कीं निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा. जाब म्हणतात तो हा. मराठींत जोतीरावांचे शब्द किती तिखट आहेत हें सर्वांस ठाऊक आहे. इंग्रजींत त्यांनीं तोच तिखटपणा हिशेबांत घातला.

दुसरें उदाहरण आपल्या जिल्ह्याचें आहे. तेव्हांच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांत अलिबागेकडे चरी येथील शेतकऱ्यांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं खोतांविरुद्ध संप केला. 1933 पासून 1939 पर्यंत त्यांनीं जमिनी ओसाड ठेवल्या, लांकूडफांटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाहीं. त्या उपाशी माणसांचा राग आगरी बोलींत होता. मुंबईच्या कायदेमंडळास ती बोली कळत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं 1937 च्या सप्टेंबरांत खोती नष्ट करण्याचें बिल तेथें मांडलें, तें कायद्याच्या इंग्रजींत. शेतांतली शिवी त्या बिलांत कलम झाली. त्या बिलानें लगेच काम झालें नाहीं. खोती नष्ट करणारा कायदा 1949 सालीं झाला. पण कलम झालेला राग विसरला जात नाहीं, हें त्यावरून दिसतें.

आमच्या पनवेल तालुक्यास तर ही गोष्ट निराळी सांगावयास नको. 1970 सालीं सिडको आली आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील गांवोगांवच्या भातशेतीवर व मिठागरांवर शहर उठलें. 1984 च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी रस्त्यावर उतरले, जासईच्या बाजूस गोळीबार झाला आणि पांच जण हुतात्मे झाले. आम्ही तेव्हां लहान होतों. घरांत चूल पेटली नाहीं एवढें आठवतें. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा शेतकऱ्यास मिळाला पाहिजे, ही गोष्ट त्या लढ्यानें पदरांत पाडली. त्या घोषणा मराठींत होत्या आणि त्या मराठींतच शोभतात. परंतु मोबदल्याचा दावा वर गेला कीं काय होतें? घटनेच्या 348 व्या कलमाप्रमाणें उच्च न्यायालयाचें कामकाज इंग्रजींत चालतें. बाप मराठींत सांगतो, वकील इंग्रजींत लिहितो, आणि बापाचा राग त्यांत कितपत उतरला हें वाचून पाहणारें घरांत कोणी नसतें. निदान पोरीनें किंवा पोरानें तो कागद वाचून, "दादा, यांत विहिरीचा उल्लेखच नाहीं," एवढें तरी म्हटलें पाहिजे.

आतां 2025 च्या ऑक्टोबरांत येथल्या विमानतळाचेंही उद्घाटन झालें. आपलीं मुलें-मुली तेथें, बंदरांत, गोदामांत व दुकानांत कामास जातील. तेथें पुष्कळ साहेबांस मराठी येत नाहीं. मुलींची काळजी आम्हांस अधिक वाटते; कारण मुलीस रागच येऊं नये असें आपण घरीं शिकवितों आणि मग बाहेर कोणी वेडेंवांकडें बोलला तर ती मान खालीं घालून रडते. तिच्या तोंडीं "डोंट टॉक टु मी लाइक दॅट" हें वाक्य पक्कें असलें पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा कीं राग मातृभाषेंतच यावा. आम्हांस तें मान्य आहे. या राज्याची राजभाषा मराठी आहे. तलाठ्यापासून कलेक्टरापर्यंत जाब मराठींतच विचारावा, आणि कोणी कारकून इंग्रजी फाडूं लागला तर "साहेब, मराठींत सांगा" असें खुशाल म्हणावें. जेथें मराठी पोंचत नाहीं तेवढ्याच ठिकाणीं इंग्रजी काढावें. दुसरा आक्षेप असा कीं राग आला असतां व्याकरण सुचतें कोणास? म्हणूनच तर आधीं तयारी पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाहीं.

तयारी मोठी नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर एकानें साहेब व्हावें, एकानें जाब विचारावा, आणि हीं पांच वाक्यें मोठ्यानें म्हणावीं. "प्लीज टेल मी युवर नेम": आपलें नांव सांगा. "धिस इज नॉट राइट": हें बरोबर नाहीं. "डोंट शाउट अॅट मी": माझ्यावर ओरडूं नका. "आय वाँट टु मीट युवर सीनियर": मला तुमच्या वरिष्ठांस भेटावयाचें आहे. आणि सर्वांत धारदार तें शेवटचें: "गिव्ह मी धिस इन रायटिंग", हें मला लेखी द्या. लेखी म्हटलें कीं भल्याभल्यांचा आवाज खालीं येतो. या वर्षीं आमच्या सातवीच्या वर्गांत रजेच्या अर्जाबरोबर तक्रारीचा अर्जही आम्ही फळ्यावर लिहिला, आणि त्याच्या खालीं 'ओबीडियंट' हा शब्द घातला नाहीं.

त्या सुताराच्या मुलाचें काय झालें? आम्ही तिघांनीं बसून एक पानाचें पत्र केलें. स्वतःची शिवी चुकली हें त्यानें पहिल्या ओळींत कबूल केलें. दुसऱ्या ओळींत साहेबाचे शब्द तारीखवार लिहिले. तिसऱ्या ओळींत 18 दिवसांचा पगार मागितला. पगार मिळाला. नोकरी मिळाली नाहीं. आतां तो बापाबरोबर सुतारकाम करतो व दुसरी नोकरी शोधतो. पत्राची नक्कल त्यानें बापाच्या हत्यारांच्या पेटींत जपून ठेविली आहे.

बंधुभगिनींनो, राग गिळूं नका. गिळलेला राग घरीं येऊन बायकापोरांवर निघतो. आणि तो थुंकूंही नका. थुंकलेला राग आपल्याच अंगावर उडतो. राग मांडा. मराठींत मांडा, आणि जेथें लागेल तेथें इंग्रजींत मांडा. पण असा मांडा कीं पुढच्यास तो लिहून घ्यावा लागेल.