वाया जाणारी आच

वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, ही समुद्रपूर तालुक्यातील शेतकऱ्यांच्या श्रमाची योग्य पावती होय. परंतु नावलौकिकामुळे मिळणाऱ्या भावातील किती वाटा भट्टीत जळून जातो, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रक्रिया-केंद्रे उभारण्याविषयी उत्साहाने बोलले जाते. ती इंधन किती खातील, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

हिशेब शाळकरी मुलासही समजण्याजोगा आहे. १०० किलो ओल्या हळदीपासून सुकी हळद सुमारे २० किलो मिळते. बाकी बहुतेक पाणीच. ही ओली हळद उकळीपर्यंत तापविण्यास सहा-सात हजार किलोकॅलरी, म्हणजे आच मुळीच वाया न गेल्यास दीड-दोन किलो सुके लाकूड पुरेल. पण तिच्यातील पाणी इंधनाने उडवावयाचे तर सुमारे १२ किलो लाकूड लागेल. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, वाळवणीचे काम इंधनाकडे सोपविणे हा अविचार आहे. फाल्गुन-चैत्रातील वर्ध्याचे ऊन ते फुकट करते, आणि सौर वाळवणी-यंत्रात धूळ व अवकाळी पाऊस यांचेही भय उरत नाही. दुसरी, काहिलीत हळदीइतकेच पाणी ओतले तर ते तापविण्यासही हळदीइतकीच आच खर्ची पडते. वाफेवर शिजविल्यास हा खर्च बव्हंशी टळतो. मात्र बॉयलर आणला म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. वाफेच्या नळ्या उघड्या राहिल्या, सरपण ओले असले आणि वाफ निवून झालेले गरम पाणी गटारात सोडले, तर नवे यंत्र जुन्याच उधळपट्टीचे साधन ठरते.

हा विचार वर्ध्यास परका नाही. १९३४ मध्ये येथेच अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनी कोळसा-तेलासारख्या संपणाऱ्या साठ्यावर जगणारे अर्थकारण आणि निसर्गाच्या अखंड प्रवाहावर चालणारे अर्थकारण यांतील भेद आग्रहाने मांडला. मगनवाडीत रॉकेलऐवजी वनस्पतिज तेलावर जळणारा मगन दीप तयार झाला, तो याच दृष्टीतून. आज तेथेच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे.

लहान प्रक्रिया-उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये आणलेल्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये साहाय्य ठरविण्यात आले. हे साहाय्य ठरले ते प्रकल्पाच्या खर्चावर. वाचलेल्या इंधनावर नव्हे. आमच्या मते, दर क्विंटल हळदीमागे किती लाकूड व किती वीज लागली याची नोंद ठेवणे ही अशा प्रत्येक अनुदानाची अट असावी, आणि ती नोंद तपासून दोष दाखविण्याचे काम मगनवाडीच्या संस्थेवर सोपवावे. लहान उद्योजकास हे झेपणार नाही, असा आक्षेप येईल. परंतु त्याला लागते काय? एक वजनकाटा, एक वीजमीटर आणि एक वही! वाया जाणारी आच अखेरीस शेतकऱ्याच्याच पदरातून जाते; ती मोजण्याची तसदी न घेणे हे औदार्य नव्हे, निष्काळजीपणा आहे.