इतिहास पुसण्यापूर्वी
चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावी शेताचा मालक बदलला की फेरफार नोंदवहीत नवी नोंद चढते, परंतु जुनी नाहीशी होत नाही. आणि म्हणूनच दोन पिढ्यांनंतर उद्भवलेल्या तंट्यातही त्याच दप्तराचा आधार घेता येतो. तद्वतच, संगणकाच्या क्षेत्रात लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्मिलेल्या ‘गिट’ या प्रणालीत आज्ञावलीतील प्रत्येक बदल कर्त्याचे नाव, दिनांक आणि कारण यांसह जतन होत असता, केवळ नीटनेटकेपणाच्या हौसेने, पूर्वनोंदींशी संबंध नसलेली नवी शाखा काढून तो समग्र इतिहास पुसून टाकणे मला सर्वथा अनुचित वाटते. एखादा गुप्त पासवर्ड अनवधानाने नोंदला गेला असेल, तर गोष्ट निराळी. तथापि सहकाऱ्यांच्या यंत्रांवरील प्रतींत तो उरतोच, यास्तव प्रथम तो पासवर्डच रद्द करावा.