जुन्या कॉम्प्युटरला नेट का लागत नाही?

घरातला कॉम्प्युटर आठ-दहा वर्षांचा झाला की फार संथ चालू लागतो. मग कुणी भाचा किंवा शेजारचा मुलगा त्यात विंडोज नव्याने टाकून देतो. कॉम्प्युटर पुन्हा पळू लागतो, पण नेट बंद! घड्याळाजवळच्या कोपऱ्यात फुली दिसते. दुकानात नेला तर अनेकदा एकच उत्तर मिळते, "कार्ड गेले, बोर्ड बदला." एका वाचक भगिनींनी आम्हाला हेच लिहून कळवले आहे. मुलीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा आहे, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर कागदपत्रे नीट जोडता येत नाहीत, आणि नवा कॉम्प्युटर घेण्याची सध्या ऐपत नाही. काय करावे?

आमचे म्हणणे असे की, पैसे खर्च करण्याआधी एक तास काढून स्वतः बघा. विंडोज नव्याने टाकल्यावर लगेच नेट बंद पडले असेल, तर बहुतेक वेळा कार्ड बिघडलेले नसते. त्याचा ड्रायव्हर तेवढा नसतो.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. उर्दूत आपण तर्जुमान म्हणतो. नेटवर्क कार्डाची बोली वेगळी, विंडोजची वेगळी. मधे तर्जुमान नसेल तर दोघे समोरासमोर असूनही बोलणे होत नाही. जुने विंडोज पुसले की हा तर्जुमानही पुसला जातो. नव्या विंडोजमध्ये काही कार्डांचे ड्रायव्हर आधीपासून असतात, पण सगळ्यांचे नसतात.

आधी वायर बघा. वायर जिथे लागते तिथे बहुतेक कॉम्प्युटरना एक-दोन बारीक दिवे असतात. वायर लावल्यावर दिवा लागला, तर कार्डात जीव आहे असे समजायला हरकत नाही. नाही लागला, तर दुसरी वायर लावा, राउटरचे दुसरे छिद्र वापरून बघा.

मग 'धिस पीसी' किंवा 'कॉम्प्युटर' या चित्रावर माउसचे उजवे बटण दाबून 'मॅनेज' आणि तिथून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. इथे चारपैकी एक गोष्ट दिसेल.

१. 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली कार्डाचे नाव आहे आणि त्यावर कसलीही खूण नाही : ड्रायव्हर ठीक आहे. दोष वायर, राउटर किंवा सेटिंगमध्ये शोधा.

२. नावावर खाली तोंड केलेला बाण आहे : कार्ड कुणीतरी बंद ठेवले आहे. उजवे बटण दाबून 'एनेबल' करा.

३. 'अदर डिव्हायसेस'खाली 'इथरनेट कंट्रोलर' किंवा 'नेटवर्क कंट्रोलर' असे लिहिले असून त्यावर पिवळी उद्गारखूण आहे : ड्रायव्हर नाही. 'प्रॉपर्टीज'मध्ये 'कोड २८' असा शेराही दिसेल.

४. कार्डाचा उल्लेखच नाही : कॉम्प्युटर चालू होतानाच्या बायोस सेटिंगमध्ये लॅन बंद केले असेल, वेगळे बसवलेले कार्ड ढिले झाले असेल, किंवा कार्ड खरोखर गेले असेल.

तिसरा प्रकार असेल तर घाईने काही डाउनलोड करू नका. आधी कार्ड कोणते ते ओळखा. उद्गारखूण असलेल्या नावावर उजवे बटण, 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स', आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथे 'व्हीईएन' या अक्षरांपुढे चार खुणा असतात. तो कंपनीचा नंबर. 'डीईव्ही'पुढच्या चार खुणा म्हणजे त्या कंपनीच्या चिपचा नंबर. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस आणि ८०८६ म्हणजे इंटेल. शेवटचा नंबर मुलांना सहज लक्षात राहील, कारण १९७८ साली आलेल्या इंटेलच्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नावच ८०८६ होते. दोन्ही नंबर कागदावर जसेच्या तसे उतरवून घ्या. विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे तेही 'सिस्टीम'मध्ये बघून लिहा. ६४ बिटच्या विंडोजला ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. दोन-तीन वेळा ड्रायव्हर टाकूनही काम होत नाही, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

आता पेच असा की, नेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट! यावर सोपा उपाय म्हणजे मोबाइल. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. विंडोज १० मध्ये बहुतेक वेळा लगेच नेट सुरू होते, मग विंडोज अपडेट स्वतःच ड्रायव्हर शोधून आणते. तसे न झाल्यास दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या. घ्यायचा तो तुमच्या कॉम्प्युटरच्या कंपनीच्या किंवा चिपच्या कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच.

आणलेल्या फोल्डरमध्ये 'सेटअप' असेल तर तो चालवा. तो अडला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर उजवे बटण, 'अपडेट ड्रायव्हर', मग आपल्याच कॉम्प्युटरमध्ये शोधण्याचा पर्याय घेऊन तो फोल्डर दाखवा. फोल्डर झिप असेल तर आधी उलगडून घ्या. चुकीचा ड्रायव्हर आधीच बसला असेल तर तो 'अनइन्स्टॉल' करा, ड्रायव्हरची फाइल पुसण्याच्या चौकटीवर टिक करा, कॉम्प्युटर पुन्हा चालू करा, मग योग्य ड्रायव्हर टाका.

एवढे करूनही जमले नाही, तर बोर्ड बदलण्याआधी आणखी एक परीक्षा घ्या. लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवर घेऊन, कॉम्प्युटरमध्ये काहीही न बसवता, 'लाइव्ह' चालवता येते. त्यात बऱ्याच जुन्या कार्डांचे ड्रायव्हर आधीच असतात. तिथे नेट चालले, तर कार्ड शाबूत आहे हे नक्की. तिथेही काहीच दिसले नाही, तर कार्डावर शंका घ्यायला जागा आहे. तेव्हाही पूर्ण बोर्ड बदलण्यापेक्षा यूएसबीला लागणारे साधे लॅन अडॅप्टर कितीतरी स्वस्तात काम भागवते.

एका बाबतीत मात्र सावध राहा. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' असे सांगणारे फुकटचे प्रोग्राम टाकू नका. ड्रायव्हरला विंडोजच्या अगदी आतल्या खोलीत शिरण्याची परवानगी असते. अनोळखी माणसाला आपण घराची किल्ली देत नाही, तसेच हे. ज्या कॉम्प्युटरवर मुलीचे आधार, बँक पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला ठेवलेला असतो, तिथे तर हा धोका नकोच. हेही लक्षात असू द्या की विंडोज ७ ची सुरक्षा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. अशा कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार टाळलेले बरे. फॉर्म भरून झाला की कागदपत्रे पेनड्राइव्हवर हलवा आणि कॉम्प्युटरमधून पुसून टाका.

नेट सुरू झाले की तो ड्रायव्हरचा फोल्डर एका पेनड्राइव्हवर जपून ठेवा. कार्डाचे दोन नंबर आणि ३२ किंवा ६४ बिट हे कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या डब्याच्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी विंडोज कुणीही टाकले, तरी काम दहा मिनिटांत होईल. आणि हे सारे करताना मुलीला शेजारी बसवा. माउस तिच्या हातात द्या, सूचना तुम्ही वाचा. फॉर्म तर भरला जाईलच, शिवाय पुढच्या वेळी भाच्याची वाट बघावी लागणार नाही.